परतीचा बोळ

“ह्या बोळानं पावण्यांना नदीवर न्हिऊ नगंस,” केरबातात्या म्हणाले आणि त्यांनी बाबागाडी पुढून धरून ठेवली. तेजू आत जागीच होती, पाय उडवत होती. मी म्हटलं, “का? सपाट आहे, फरशी घातलेली आहे, सावली आहे. गाडीला इतका सोपा रस्ता सगळ्या पेठेत नाही.” “सोपा हाय की. न्हाय कोण म्हणतंय? पण ही परतीची वाट. मयताला गेलेली माणसं नदीवर अंगुळ करून हितनं घरला येत्यात. जायाची वाट येगळी, यायाची येगळी. ह्या बोळानं नुसतं यायचं आसतंय, जायाचं नसतंय.” एवढं बोलून ते पलीकडच्या पानपट्टीवाल्याला, काय रं, आज सूर्य कुठनं उगवला, दुकान उघडलंस ते, असं ओरडून विचारायला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. सकाळचं कोवळं ऊन होतं, कुठल्यातरी घरात कांदा परतत होता, आणि माझ्या हाताखालचा बाबागाडीचा रबरी दांडा एकदम गार लागला. नुसतं यायचं असतं. मग त्या दिवशी तात्या आणि माझा नवरा या बोळातून आले, ते गेले होते कुठं?

केरबातात्या माझे चुलत सासरे. केएमटीत, कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आवाज अजून भरलेल्या बसमधलाच. आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं सांगतात. ते खालच्या खोलीत एकटे, आम्ही वर. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात, कारण त्यांना बाबागाडी आवडते. ती माझ्या नणंदेनं, पूर्णिमानं पाठवलेली. पूर्णिमा स्कॉटलंडमध्ये पर्थ नावाच्या गावात असते. “क्रिकेटचं न्हवं, त्येच्या आधीचं पर्थ,” तात्या भेटेल त्याला सांगतात. गाडीच्या खोक्यात तिनं तिथल्या पायी फिरायच्या वाटांचं एक पत्रक घातलं होतं. जुन्या गावातून निघायचं, दगडी चर्चला वळसा घालायचा, टे नावाच्या नदीच्या काठाकाठानं चालायचं, एका पुलानं पलीकडं जायचं आणि दुसऱ्यानं परत यायचं. प्रत्येक वाटेपुढं बारीक चित्रं होती. इथं बाक आहे, इथं पायऱ्या नाहीत, इथं बाबागाडी जाते. आणि वर एकच शब्द, सोपी. तेजू पोटात असताना मी ते पत्रक उघडून पडायचे. न पाहिलेल्या गावात चालताना पाय सुजत नाहीत. तिथल्या पुलाच्या दगडात पुराच्या खुणा कोरल्यात, कुठल्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या, असं एका ठिकाणी होतं. तिथं माझी नजर दर वेळी थांबायची. मग पूर्णिमा फोनवर म्हणाली, “वहिनी, तू आपल्या गावाचं असं काढ की. इथल्या मुली सुट्टीला येतात, लेकरू गाडीत घालून जायचं कुठं ते कळत नाही त्यांना.” तेव्हापासून मी आणि तात्या वाटा शोधतोय. भवानी मंडप, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, आमची शुक्रवार पेठ, घाट. सोपी कशाला म्हणायचं यावर आमचं रोज भांडण होतं. फूटपाथवर नारळाचे ढीग, चपलांच्या माळा, कुणाचीतरी आडवी लावलेली बुलेट. “ही गाडी हलवायची का आमी आमची उचलून न्ह्यायची?” तात्या विचारतात, आणि बुलेटवाला घाईघाईनं येऊन ती बाजूला घेतो. “हे लिव्ह,” तात्या मला म्हणतात, “हितं वरडलं की वाट हुती.”

बोळ मला खरं तर वरूनच ओळखीचा. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून तो सगळा दिसतो, नदीकडच्या तोंडापासून आमच्या मोरीच्या भिंतीपर्यंत. त्या खोलीत मी बाळंतीण म्हणून निजले होते, तेजूच्या आधीच्या वेळी. त्या बाळाला नाव नव्हतं. बारशाच्या आधीच ती गेली. सकाळी मी पाजायला म्हणून तिला उचललं आणि ती हलकी लागली. मेलेलं माणूस जड होतं म्हणतात, मला तर ती आतून कुणी रिकामी केल्यासारखी हलकी लागली, आणि मी तशीच तिला छातीशी धरून बसले. मग घरात पुष्कळ पावलं वाजली. कुणीतरी तिला माझ्या हातातून सोडवून घेतलं. सासूबाईंनी मला खिडकीकडं तोंड करून निजवलं आणि दार लोटून घेतलं. पुढच्या दारानं ती कशी गेली, कुणाच्या हातात, कुठल्या कापडात, कुठल्या दिशेला, यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. ब्लाऊज भिजत चाललं होतं. दुधाला कुणी काही सांगितलं नव्हतं. ऊन चढल्यावर बोळाच्या नदीकडच्या तोंडातून दोघे येताना दिसले. पुढं तात्या, मागं माझा नवरा विश्वजित. केसांतून पाणी गळत होतं, सदरे अंगाला चिकटले होते आणि हात रिकामे होते. विश्वजित आपला हात जरासा वाकवून चालत होता, अजून काहीतरी धरल्यासारखा. फरशीवर त्यांची ओली पावलं उमटत होती आणि मागच्या मागं वाळत होती. नदीकडून आले, म्हणजे नदीकडं गेले होते. माणूस गेला त्याच वाटेनं येतो, असं मी धरून चालले. माझ्या माहेरी गडहिंग्लजलाही मयताच्या जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या असतील, नाही कशाला. पण आम्ही बायका त्या वाटेला कधी पाऊलच टाकत नाही. घराच्या उंबऱ्यापाशी आमचं रडणं संपतं. पुढं कुठं वळतात आणि मागं कुठून येतात, हे ठाऊक असायचं कारणच पडलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी विश्वजितला विचारलं होतं, “नदीवर?” तो भिंतीकडं बघत म्हणाला, “हं.” “झाडाखाली ठेवलं ना? उन्हात नाही ना?” “हं.” त्या दिवशी त्याला काहीही विचारलं असतं तरी तो हं म्हणाला असता, हे मला आता कळतंय. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचेही डोळे सुजले होते. “इच्यारू नगंस गं बाळा,” त्या म्हणाल्या. “आईला जागा कळली की लेकरू पदर धरून बसतंय. मग त्येला म्होरं जाता येत न्हाय, आन् मागनं येणाऱ्यालाबी ते येऊ देत न्हाय.” मी मान हलवली. विचारणार नव्हतेच. मला जागा कळलेली होती, निदान मला तसं वाटत होतं, आणि ते कुणाला कळू न देता मी ती उराशी धरून ठेवली.

घाटाच्या खालच्या अंगाला, पायऱ्या संपून माती सुरू होते तिथं, एक उंबर आहे. त्याची मुळं काठाच्या दगडांत शिरलीत आणि मधे मऊ जमीन आहे. बाहेर पडायची मोकळीक मिळाल्यावर मी घाटावर गेले, सगळीकडं नजर फिरवली आणि उंबरापाशी ती थांबली. हीच. मी असते तर मीही इथंच ठेवलं असतं. दूध थांबत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तरी कुठं दुसऱ्याचं बाळ रडलं, एखादं वासरू हंबरलं, तरी पान्हा फुटायचा. सासूबाई म्हणाल्या होत्या, दूध मोरीत सोडू नये, झाडाच्या बुडाशी घालावं. त्यांचा विचार अंगणातल्या तुळशीचा असेल. मी वाटी ओढणीखाली झाकून उंबराकडं जायचे. माती दूध पटकन पिऊन टाकायची, आणि मला वाटायचं, भूक होती. कपडे धुणाऱ्या बायका आधी बघायच्या, मग बघेनाशा झाल्या. पुढं दूध आटलं, मी मात्र जातच राहिले. त्या वर्षी पाणी चढलं तेव्हा तेजू पोटात होती. पंचगंगा घाट गिळून पेठेत आली, लोक बंधाऱ्यावरची पातळी एकमेकांना सांगत होते, गाद्या, डबे, देव, सगळं माळ्यावर चढत होतं. माझं तेवढं खालीच राहिलं होतं. गच्चीवरून उंबराचा शेंडा दिसायचा, मग तोही दिसेना. पोटात एक लाथा मारत होती आणि एक त्या गढूळ पाण्याखाली होती, आणि दोघींसाठी मी एकच श्वास घेत होते, तो पुरत नव्हता. पाणी उतरल्यावर पहिल्यांदा गेले, तर झाडावर गाळ, फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या. कमरेत ओढणी खोचून मी हाताला येतील तेवढ्या काढल्या. एका बाईनं विचारलं, “नवस हाय व्हय?” मी हो म्हटलं.

तेजू झाल्यावरही मी याच वाटांवर चालत राहिले, फक्त आता कारण सांगता येत होतं. पत्रकासाठी वाटा बघतेय. गाडीचा दांडा मी मधे धरत नाही, थोडा डावीकडं धरते. उजवीकडची जागा मोकळी राहते. ती असती तर एव्हाना चालायला लागली असती, दांडा धरून पळायला बघितलं असतं, तिनं मधेच बसकण मारली असती. पापाच्या तिकटीला गर्दीत कुणी उजवीकडून माझ्या आणि गाडीच्या मधे घुसलं की मी दचकते, पाय पडला म्हणून. तात्यांना वाटतं मला गाडी नीट ढकलता येत नाही. “सरळ धर की, शेरिंग एका बाजूला वढायलंय,” म्हणतात. आणि आता त्यांच्या एका वाक्यानं ती उजवीकडची जागा खरोखरच रिकामी झाली. नदीवर माणसं नुसती अंघोळीला आलेली असू शकतात, ठेवून आलेली दुसरीकडंच कुठंतरी. ती तिथं चालत नव्हती. नदीकाठी नव्हती, पुराखाली नव्हती, मी वाटी उपडी करत होते तिथंही नव्हती. मी गाडी वळवली. घरी येईपर्यंत तात्या काहीबाही बोलत होते आणि मी प्रत्येक घराच्या बंद दाराकडं बघत होते, यातल्या कुठल्यातरी एकाला ठाऊक असेल, असं.

विश्वजित शिरोलीच्या एका फौंड्रीत हिशेबाचं बघतो, तिन्हीसांजेला येतो. त्यानं हातपाय धुतले, तेजूला पोटावर घेऊन सोफ्यावर आडवा झाला. मी विचारलं, “नदीवर कुठून गेला होता तुम्ही?” तो हसला, “कधी?” मग माझ्या चेहऱ्याकडं बघून उठून बसला. तेजू त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. “आता कशाला काढतेस ते?” “तुम्ही नदीवरून आलात. गेलात कुठं?” “मला धड आठवत नाही,” तो म्हणाला. “मला दिसलंच नाही काही. मी मागच्या सीटवर होतो.” “कसल्या सीटवर?” त्यानं तेजूचं तोंड पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. “तात्यांच्या मांडीवर होती ती. मला त्यांची पाठ दिसत होती फक्त. तात्यांना विचार. आईला नको विचारू.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “मला वाटलं होतं तुला कधीतरी कुणीतरी सांगितलं असेल.” त्याच्याही मनात एक कुणीतरी होता, जो येऊन त्याचं काम करून जाणार होता. मला त्याचा राग यायला हवा होता. तो तेजूला ज्या हातानं सावरत होता तोच हात त्या दिवशी बोळात रिकामा वाकलेला मी पाहिला होता, म्हणून राग वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नेहमीप्रमाणं गंगावेशीत दूधकट्ट्यावर होते. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईक उभं राहिलं की समोर धार काढून पेला हातात देतात. तात्यांच्या मिशीला फेस लागला होता. “घे, तू बी पी,” ते म्हणाले, “पाजणाऱ्या बाईला चांगलं.” मी गाडीला ब्रेक लावला आणि कट्ट्याच्या कडेला बसले. “तात्या, तिला कुठं नेलं होतं?” तिला म्हणजे कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. पेला खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माझ्यापुरता आला. “वैनीनं, तुझ्या सासूनं, शपथ घातलीया मला.”

“काल तुम्हीच म्हणालात, तो बोळ नुसता यायचा.”

“म्हणलो व्हय? आयला. जीभ काय कुणाची ऱ्हातीया.” ते म्हशीकडं बघत राहिले. “रातभर इचार केला, ही येणार आता इच्यारायला. उंबराकडं जातीस ते म्हाईत हुतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तिथनं येताना तुझं त्वांड बरं दिसायचं.”

एवढे दिवस मी कुणाच्या मातीशी बोलत होते? “आणि ते दूध?” मी म्हटलं. “सगळं वायाच गेलं की मग.”

“वाया कशापाय जाईल?” तात्या रागावल्यासारखे म्हणाले. “नदीकाठाला लेकरं कमी हायती व्हय? आसतील कुणाकुणाची. त्यास्नी पाजलंस म्हण.” मग त्यांनी मिशी पुसली आणि बोलायला लागले ते सलग, मधे कुणी थांबा म्हणायच्या आत सगळे स्टॉप संपवायचे असल्यासारखे. “इश्वजितची मोटरसायकल चालू हुईना. गाडीला कायबी झालं नव्हतं, त्येच्या पायात जोर नव्हता किक मारायला. रिक्षा केली आसती तर त्यो इच्यारणार, दवाखान्यात व्हय, काय झालंय लेकराला? काय सांगायचं त्येला? म्हटलं, आपली केएमटी हाय की. हितनंच बसलो, गंगावेशीतनं. खिडकीजवळ. शालीत हुती. कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेला. आला, शालीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् तसाच म्होरं गेला. शेजारी एक बाई हुती. म्हटली, झोपलं जणू. म्हटलं, व्हय. म्हटली, ऊन यायलंय तोंडावर, जरा कापाड सारा. सारलं.” एक म्हैस शेपटी मारत होती. “जलमभर वरडत आलो बघ मी, सीपीआर, दसरा चौक, स्टँड. त्या दिवशी बारीक आवाजात सांगत गेलो. ही बघ सीपीआर, ह्या दवाखान्यात तुझा बा जलमला. हा दसरा चौक, हितं तुला सोनं लुटायला आणली आसती. गाडी खड्ड्यात आदळाय लागली की मांडी वर धरायचो. म्हटलं, येवढं आलीया तर एकडाव गाव बघून जाऊ दे. ह्या बाजूला बसवली आसती तर नुसत्या भिंती दिसल्या आसत्या, म्हणून त्या बाजूला बसलो.”

मी तेजूच्या गाडीचा ब्रेक चाचपत होते, तो लागलेलाच होता. मी पर्थच्या वाटा वाचत पडले होते, कोल्हापूरच्या धुंडाळत होते, कुठं बाक आहे, कुठं सावली आहे, कुठून नदी दिसते. आणि तिला तर सगळं दाखवून झालेलं होतं. खिडकीजवळच्या जागेवर, एका माणसाच्या मांडीवर, कुणी घाई न करता. शेजारच्या बाईला तिच्या तोंडावरचं ऊनसुद्धा बघवलं नव्हतं. त्या एका फेरीत ती मेलेली नव्हती. मला माहीत नसलेली तिची एक सकाळ होती, आणि तिच्यात ती झोपलेली होती. “मळ्यात ना?” मी विचारलं. गडमुडशिंगीला आमचा मळा आहे. मी तिथं कधी गेले नव्हते; दर वेळी काहीतरी निघायचं, कधी पाऊस, कधी ऊन, कधी तेजू लहान आहे. आता कळत होतं, निघत नव्हतं, घरचे काढत होते. तात्यांनी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली. “जागा न्हाय सांगत. शपथ हाय. गाडी सांगतो. फाट्यावर उतर आन् केरबा कंडक्टरचा मळा कंचा म्हणून इच्यार. शेळ्याबी सांगतील.”

घरी येऊन मी तेजूला पाजलं, टोपी घातली, पिशवीत दुपटी भरली. लेकरू पदर धरतं, मागच्याला येऊ देत नाही. हे सगळं खोटं आहे हे मला ठाऊक होतं, माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. भीतीला मात्र ते ठाऊक नव्हतं. तेजू मागं आलेली होती, हसत होती, एकच दात दाखवत होती, आणि मी तिला त्या दुसरीच्या दारात घेऊन निघाले होते. क्षणभर वाटलं, हिला इथंच ठेवावं. मग वाटलं, एकीला भेटायला दुसरीला लपवून जायचं, ही कसली आई. सासूबाई जिन्यात भेटल्या. “कुठं निघालीस एवढ्या उन्हाची?” “मुडशिंगीला.” त्यांनी कठडा धरला. खाली तात्यांच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं चालला होता, मुद्दाम असावा तेवढा मोठ्यानं. मला वाटलं आता त्या रडतील, ओरडतील, तेजूला ओढून घेतील. त्या दोन पायऱ्या वर आल्या, माझ्या खांद्यावरची ओढणी हळूच काढली आणि घडी घालून आपल्या काखेत धरली. “ही ऱ्हाऊ दे हितं,” त्या म्हणाल्या. “धरायला काय नगं.” मग तेजूच्या गालाला काजळाचं बोट लावलं आणि जिन्यात बाजूला होऊन मला वाट दिली. मी चार पावलं गेल्यावर मागून म्हणाल्या, “विहिरीचं पाणी गार आसतंय. त्वांड धू.”

बस अर्धी रिकामी होती. मी खिडकीजवळ बसले, आणि मग उठून दुसऱ्या बाजूच्या खिडकीजवळ बसले. सीपीआर गेलं, दसरा चौक गेला. मी तेजूला काही सांगितलं नाही. तिला सांगायचीही गरज नव्हती, ती काचेला दोन्ही पंजे लावून सगळ्यावर ओरडत होती. बाबागाडीशिवाय माझे हात मोकळे मोकळे वाटत होते. स्टँडवर एक बाई चढली, कडेवर टोपली, टोपलीत उरलेली मेथी, आणि ती माझ्या शेजारी अशी काही टेकली, जणू जागा तिचीच होती. तेजूनं लगेच तिच्या बांगड्या धरल्या. “आरं, सोड की रं माझ्या वाघा,” बाई म्हणाली. “पोरगी हाय व्हय? वाघीण म्हण मग. दात आला की. पहिलीच न्हवं ही?”

हा प्रश्न मला दवाखान्याच्या रांगेत विचारलेला आहे, लस टोचताना, लग्नाच्या पंगतीत, माहेरच्या एसटीत. प्रत्येक वेळी मी हो म्हटलंय. पटकन म्हणायचं, म्हणजे समोरच्याचा चेहरा पडत नाही आणि घरातल्या कुणाला काही लागत नाही. हो म्हटलं की आत एक दार लागतं, आणि पलीकडं कुणीतरी शहाण्यासारखं गप्प बसून राहतं. आताही ओठ हो च्या आकारात आले. उचगाव मागं पडलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला होता, वारा गरम होता.

“दुसरी,” मी म्हटलं.

“आन् थोरली कुठाय?”

“मुडशिंगीला असते. मळ्यात.”

“आज्जीजवळ व्हय?”

“आजोबांनी नेलीय,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

“आन् तू शहरात. बरंय बाई तुमचं.” तिनं मेथीची जुडी तेजूच्या हातातून सोडवली. “किती दिवसांनी निघालीयास?”

“पहिल्यांदाच.”

बाईनं मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. “पहिल्यांदाच? आगं कसली आई म्हणायची तू! धाकटी काखंत घेऊन गावभर हिंडतीयास आन् थोरली तिकडं रस्त्याला डोळं लावून बसली आसंल की गं. लेकराला काय कळतंय, आईला वेळ न्हाय मिळाला म्हणून? त्येला वाटतंय, आपल्याला इसरली.” ती खरोखरच चिडली होती. मला वाटलं आता मी मोडणार, इथंच, या बाईच्या टोपलीवर. पण मला बरं वाटत होतं. मला आजवर कुणी तिच्यावरून रागावलं नव्हतं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं, गप्प केलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता. ती वाट बघत असेल असं कुणी म्हणालं नव्हतं.

“न्हाय इसरले,” मी म्हटलं. माझ्या तोंडून तिच्यासारखंच आलं.

“मग सांग तिला तसं. हितं काय सांगतीयास मला?” बाई उठून उभी राहिली, एका हातानं वरची दांडी धरली आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, “ओ मास्तर! मुडशिंगीच्या फाट्याला गाडी उभी करा! हिची थोरली पोरगी वाट बघत बसलीया!”

कंडक्टरनं घंटी दिली. बसमधली माणसं वळून आधी माझ्याकडं, मग खिडकीतून बाहेर बघायला लागली, ती कुठं उभी आहे ते. एका म्हाताऱ्यानं पाय आत घेतले. कुणीतरी तेजूची खाली पडलेली टोपी उचलून दिली. मी तिला खांद्यावर घेऊन उठले, गाडी थांबायच्या आधीच.